पाळण्यातली समोरची जागा

एकट्या बाईने पाळण्यात बसायला जायचं, हे काही चारचौघांत सांगण्यासारखं काम नाही. म्हणून मी सांगितलंच नाही. शेजारच्या रेश्माला म्हटलं, नगरला जाऊन येते, अस्तराचं कापड संपलंय. मी ब्लाउज शिवते. शिवणाऱ्या बाईला घराबाहेर पडायला अस्तराइतकं सोयीचं कारण दुसरं नाही. मास्क घेतला का, सविताताई, एवढंच रेश्माने विचारलं आणि ती आपल्या धुण्याला लागली.

दुसऱ्या लाटेचं ते वर्ष. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. उन्हाळ्यात ज्या घरांतून माणसं गेली, त्या घरांपुढे आकाशकंदील नव्हते. आमच्याही नव्हता. बाकी जग मात्र हळूहळू उघडत होतं. आधी दुकानं उघडली, मग देवळं, मग शाळा आणि सगळ्यांत शेवटी सोलापूर रोडवरचं ते गंमतगाव. पाळणे, घसरगुंड्या, छोटी आगगाडी, पाण्याचे हौद, असला सगळा बाजार एका कुंपणात. कर्जतहून नगरला जाताना त्याचा मोठा पाळणा फार लांबून दिसायला लागतो. आमचं मोटारसायकलवरून तिकडे जाणं झालं की हे हमखास गाडी हळू करायचे.

आमचे हे, अजिनाथ, लाइनमन होते. उभा जन्म विजेच्या खांबांवर गेला. असा माणूस पाळण्यात बसायची हौस धरतो, याचं मला हसू यायचं. मी म्हणायची, "वर जायची हौस फिटली न्हाई का अजून?" तर म्हणायचे, "खांबावर दोन्ही हात अडकल्यालं असत्यात. येकदा वर जाऊन नुसतं बसायचंय. हात मांडीवर ठिवून. तू समोर, म्या हिकडं." आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे पोरांच्या निमित्ताने जाण्याची सोय नव्हती. शेवटी एका रविवारी जायचं ठरवलं, मी साडीला इस्त्रीसुद्धा केली, आणि त्याच आठवड्यात सगळं बंद झालं. बंद झालेलं मध्ये उघडलं, पुन्हा बंद झालं. त्यातच ते गेले. नगरच्या वॉर्डातून मला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी लांबून दाखवलं. चेहरा दाखवला नाही.

आता दहाव्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे दहाव्याला नदीकाठी पत्रावळीवर भाताचा पिंड ठेवतात, माणसाच्या आवडीचं वाढतात आणि लांब जाऊन उभे राहतात. कावळा शिवला की तो सुटला. नाही शिवला तर त्याचं मन कशाततरी अडकलंय असं धरून घरची माणसं एकेक गोष्ट मोठ्याने कबूल करत जातात. त्या वर्षी भीमेच्या काठावर दहाव्याचीसुद्धा रांग होती. आमच्या शेजारी, थोडं अंतर सोडून, दुसऱ्या कुणाचा तरी पिंड मांडलेला होता. ती माणसंही आमच्यासारखीच तोंडं बांधून गप्प उभी होती. बाभळीवर कावळे बसलेले. खाली मात्र एक उतरेना.

माझे दीर कारभारीभाऊजी पुढे झाले. "दादा, वहिनीला अंतर देनार न्हाई… दादा, बांधावरची चिंच तोडनार न्हाई…" काही नाही. पलीकडे एक म्हातारी रडत रडत तिचं काहीबाही कबूल करत होती, तिथेही काही नाही. गुरुजी घड्याळाकडे बघायला लागले, कारण पुढची मंडळी येऊन थांबली होती. मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी पुढे जाऊन ओरडले, "त्या गंमतगावाचं कुलूप उघडू द्या! तुमाला पाळन्यात बसवीन! समोर मी बसन!"

त्याच क्षणी काळे पंख खाली आले. माझा चष्मा मास्कच्या वाफेने धुरकटलेला, डोळ्यांत पाणी. मला नीट दिसलं नाही. पण "शिवला, शिवला" असं कुणीतरी म्हटलेलं ऐकलं आणि भाऊजींनी माझा दंड धरला. "चला वहिनी. झालं." मला इतकं हलकं वाटलं, की मी घरी येऊन त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले.

तर तो शब्द पाळायला मी निघाले होते. एसटीचा संप चालू होता. वडापवाल्याने जीपमध्ये कोंबून मला गंमतगावाच्या फाटकाशी सोडलं. ऊन चांगलं होतं, दुपार व्हायची होती. भीती वाटावी असं तिथे काही नव्हतं.

फाटकावरच्या मुलीने कपाळाला ताप मोजायचं ते पिस्तुल लावलं, मोबाईलमधलं दोन डोसचं सर्टिफिकेट पाहिलं, हातावर सॅनिटायझरची पिचकारी मारली. मग माझ्या मागे बघितलं.

"अजून कोण हाय संगं?"

"न्हाई. येकटीच."

तिने पुन्हा एकदा मागे बघितलं आणि तिकीट दिलं.

आत शिरले आणि पाय अडखळला, इतका तो भाग मोकळा होता. पाण्याचे खेळ बंदच होते. निळ्या हौदांत पाण्याच्या जागी वाळकी पानं साठली होती आणि वारा सुटला की ती हौदाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे खरखरत जायची. सगळीकडे फिनेलचा आणि तापलेल्या रंगाचा वास. छोटी आगगाडी एकही पोर न घेता आपली गोल फिरत होती, बहुधा तिला गंज चढू नये म्हणून. कर्ण्यावर एका बाईचा ध्वनिमुद्रित आवाज लागलेला. मास्क काढू नका. एका वर्तुळात एकच व्यक्ती. आपली वेळ येईपर्यंत थांबा. ऐकायला कुणी नसताना ती बाई किती गोड बोलत होती! वॉर्डाबाहेर बसलेले असतानाही मला असंच कुणीतरी गोड आवाजात थांबायला सांगत होतं. मला एकदम रडू आलं, पण मास्कमध्ये रडण्यात काही अर्थ नसतो, नाक चोंदतं.

मोठ्या पाळण्यापुढे जमिनीवर पिवळ्या रंगाची वर्तुळं काढली होती. माणसं थोडीच, पण रांग हलता हलत नव्हती. एक पाळणा खाली आला की त्यातली माणसं उतरायची, मग काकासाहेब नावाचा तिथला ऑपरेटर पाठीवर फवारणीचा पंप घेऊन आत वाकायचा, बाकडी फवारायचा, वाळू द्यायचा, आणि मग पुढचे. नुकतंच लग्न झालेलं एक जोडपं, एक आजी आणि तिची नातवंडं, मग मी. माझ्यामागे एक गृहस्थ आले. ते माझ्या मागचं वर्तुळ सोडून त्याच्याही मागच्या वर्तुळात उभे राहिले.

रांग पुढे सरकली. मी एक वर्तुळ पुढे गेले. गृहस्थही एक वर्तुळ पुढे आले. मधलं रिकामंच.

"या की पुढं," मी म्हटलं. "यवढं लांब राह्यची गरज न्हाई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्या रिकाम्या वर्तुळाकडे. "न्हाई… बरं हाय हितंच," ते म्हणाले आणि मोबाईल काढून त्यात बघत राहिले.

मला वाटलं, माणूस घाबरट आहे. त्या दिवसांत सगळेच तसे होते.

माझी पाळी आली तेव्हा काकासाहेबाने एक वाळूचं पोतं ओढत आणलं. पाळणा म्हणजे दार असलेली पेटी, समोरासमोर दोन बाकडी. एकटं माणूस बसलं की पेटी एका अंगाला कलते, म्हणून समोरच्या बाकड्यावर पोतं ठेवायची त्यांची रीत होती. आधी एकट्याला बसूच देत नसत. पण या वर्षी एकटी येणारी माणसं वाढली, असं तोच म्हणाला.

"पोतं नको," मी म्हटलं.

"मावशी, तिरपं हुतं. भ्या वाटंल."

"वाटू दे. तिथं मानूस बसायचंय."

त्याने हातातलं पोतं खाली ठेवलं. काय समजला कोण जाणे, पण मास्कच्या वरचे त्याचे डोळे मऊ झाले. "बरं," एवढंच बोलून त्याने दार लावलं आणि बाहेरून अडसर घातला.

पाळणा उचलला गेला आणि खरंच माझ्या बाजूने कलला. मी दांडीला घट्ट धरलं. समोरचं बाकडं माझ्यापेक्षा उंच गेलं होतं, मोकळं, पत्र्यावर औषधाचे थेंब चमकत होते. खालची माणसं लहान व्हायला लागली. कर्ण्यावरचा आवाज विरत गेला. पुढच्या कुणाला तरी उतरवायला खाली चाक थांबलं आणि मी अर्ध्यावर लटकत राहिले. वारा होता, पण पेटी हलत नव्हती. दूर रस्ता, त्यापलीकडे ज्वारीची हिरवी पट्टी, विजेच्या तारा. यांनी ओढलेल्या असतील त्यातल्या काही.

"अहो," मी हळूच म्हटलं, "आले बघा मी. या."

चाक पुन्हा सुरू झालं. आणि माझी पेटी सरळ झाली.

एकदम नाही. सावकाश. भरल्या घागरीखाली हात द्यावा तशी माझी बाजू हळूहळू वर आली, समोरची खाली गेली, आणि दोन्ही बाकडी एका रेषेत येऊन थांबली. समोरच्या बाकड्याचा पत्रा जरासा कुरकुरला. औषधाचे थेंब मधोमध पुसले गेलेले मला दिसले.

मी घाबरले नाही. शपथेवर सांगते, मला आनंदच झाला. इतके महिने मी एकटीच श्वास घेत होते, आता समोर दुसरं कुणीतरी होतं. मी बोलत सुटले. भाऊजींनी मोटर दुरुस्त केली, तुमची पक्कड नि हातमोजे अजून खुंटीवरच आहेत, रेश्माच्या मुलाला नोकरी लागली, मला रात्री झोप येत नाही, चहा दोघांचा टाकते आणि मग एक कप मोरीत ओतते. वर जात होतो आम्ही. सगळ्यात वर गेल्यावर पाळणा थांबला. आवाज कसलाच नव्हता. त्यांनी म्हटलं होतं तसं मी माझे हात मांडीवर ठेवले.

आणि मग मी ते बोलले. बोलायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. गेलेल्या माणसाला 'घरी चला' म्हणत नाहीत, त्याला जाऊ द्यायचं असतं. त्यासाठीच तर मी आले होते.

"नका जाऊ," मी म्हटलं. "घरी चला माझ्यासंगं. मला येकटीला करमत न्हाई हो… लई भकास वाटतं. चला घरी."

समोरून उत्तर आलं.

बांगड्या वाजल्या. काचेच्या, हातभर. कुणीतरी मांडीवरचा हात उचलून पदर सारखा करावा, तशा.

माझ्या हातात बांगड्या नव्हत्या. त्या उन्हाळ्यातच उतरवल्या होत्या.

"अहो…?"

पुन्हा किणकिण. या वेळी जवळून, समोरची व्यक्ती पुढे वाकली असावी अशी. आणि वास आला. यांच्या अंगाला तंबाखूचा आणि रबरी हातमोज्यांचा वास असायचा. हा वास उसाच्या पाचटाचा होता. पाचट, धूर आणि खोबरेल तेल. मी डोळे मिटून घेतले. खाली येईपर्यंत उघडले नाहीत. सगळा वेळ पेटी सरळ होती, इतकी सरळ, की मला ती कललेली हवी होती.

काकासाहेबाने दार उघडलं. त्याने मला हात दिला, मग आत बघितलं, मग खाली ठेवलेल्या पोत्याकडे.

"मावशी… पाळना यवढा सरळ कसा आला?"

मी तशीच चालत सुटले आणि त्या कोरड्या हौदाच्या काठावर बसून भाऊजींना फोन लावला.

"भाऊजी, खरं सांगा. दहाव्याला कावळा आपल्या घासाला शिवला का?"

तिकडे मागे म्हैस ओरडली.

"आत्ता मधीच काय काढलं, वहिनी?"

"शिवला का?"

"न्हाई," ते म्हणाले. "शेजारच्याला शिवला. तुमी ओरडला आन् त्यो त्यांच्या पत्रावळीवर उतारला. आपल्याला गुरुजींनी दर्भाचा कावळा करून लावला. टाइम न्हवता… आन् तुमचं रडू थांबलं हुतं, म्हून म्या काय बोललो न्हाई."

"शेजारी कुनाचा हुता?"

"लंकाबाईच्या सुनेचा. सुकन्या नाव. ऊसतोडीची मानसं हायेत, तिकडं माळावर ऱ्हात्यात. लेकरू व्हायच्या टायमाला करोना झाला तिला. पोर कवा कुटं गेली न्हाई बगा, कारखाना आन् पाचटाची कोपी, यवढंच. काय कबूल करावं तेबी त्यास्नी सुचंना… वहिनी? काय झालंय?"

मी फोन ठेवला. माझ्या शब्दावर दुसरीच कुणीतरी सुटायला निघाली होती, आणि तिला मी घरी बोलावून बसले होते. हे एक. पण त्याहून वाईट दुसरं. मग आमचे हे कुठे होते? त्यांना तर कुणीच सोडवलं नव्हतं. इतके महिने मी निर्धास्त होते, आणि ते कुठेतरी थांबूनच होते.

परतीच्या वडापमध्ये तिघांच्या जागेत पाच जण बसवले होते. ड्रायव्हर ओरडत होता, सरका, सरका. पण माझ्या शेजारी एक माणूस मावेल इतकी जागा मिरजगावपर्यंत रिकामी राहिली. एक बाई तिथे टेकायला वाकली आणि तशीच उठून उभी राहिली. "ओलं हाय का?" मी विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली आणि दांडीला धरून उभ्याने प्रवास केला.

घराच्या दारात मी थबकले. कुलूप काढलं, पण आत पाऊल टाकेना. मागे वळून म्हटलं, "बाई गं, तू माझी कुनी न्हाईस. जा तुझ्या घरी." रस्त्यावर कुणी नव्हतं. बांगड्या एकदाच वाजल्या, अगदी हळू, आसऱ्याला उभं राहिलेलं माणूस वाजवील तशा. आपणच बोलावून आणलेल्या पाहुणीला दारातून कसं हाकलायचं? मी बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी माळावर जाऊन आले. लंकाबाईच्या घराला कुलूप होतं. सगळं बिऱ्हाड कारखान्यावर गेलेलं, ऊस संपल्याशिवाय परतायचं नाही. कुठल्या कारखान्यावर ते शेजाऱ्यांनाही धड माहीत नव्हतं. तिला द्यायची कुणाच्या हातात? गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, तिचं जे काही करायचं ते तिच्याच माणसांनी करावं लागेल. आणि यांचं? त्यांना पुन्हा एकदा पाळण्यात घेऊन जाईन, या वेळी नाव घेऊन हाक मारीन, असं मी ठरवलं होतं. चार ब्लाउज हातावेगळे करून जाऊ म्हटलं, तेवढ्यात तिसरी लाट आली. गंमतगावाला पुन्हा कुलूप लागलं.

मग राहिलो आम्ही दोघी. पहिले काही दिवस मी भिंतीला पाठ लावून बसायची. संध्याकाळी स्वयंपाकघरात बांगड्या वाजल्या की दिवा लावायलाही मी उठायची नाही. कॉटच्या पलीकडच्या कडेला गादी दबायची, बस, इतकंच. तिने मला कधी त्रास दिला नाही. आणि खरं सांगायचं तर, पुढे मला तिची सवय झाली. मशीनवर बसले की मी बोलायची, कोणतं गिऱ्हाईक कसं आहे, कुणाची बाही किती तंग होते. बांगड्या हो ला हो करायच्या. दुसरा कप मी मोरीत ओतायचं सोडून दिलं, ओट्यावर ठेवायला लागले. रेश्मा म्हणाली, हल्ली तुमचा चेहरा बरा दिसतो. दिसणारच. घरात माणूस असल्यासारखं होतं. भीतीपेक्षा एकटेपण वाईट, हे मी कुणालाही लिहून देईन.

फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती आणि मी ती मनावर घेत नव्हते. ती माझ्या घरात फार सहज वावरायला लागली होती. डबे मी ठेवले तिथे नसायचे. कपाटातल्या माझ्या साडीची घडी तिच्या पद्धतीने पडायला लागली. एकदा आरशापुढे उभी राहिले तर माझ्याच केसांना खोबरेल तेलाचा वास आला. मी तेल लावलं नव्हतं.

तो दिवस संक्रांतीच्या पुढचा. दिवेलागणीची वेळ. वीज गेलेली, म्हणून मी कंदील लावून पायमशीनपाशी हाताने काज करत बसले होते. बाहेर थंडीने सगळी दारं लावून घेतलेली. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. आणि अंगणाचं फाटक कुरकुरलं.

पावलं आली. जड, सावकाश, दिवसभर चढ-उतार करून गुडघे धरलेल्या माणसाची. पायरीशी थांबली. चपला काढल्याचा आवाज आला, एक, मग दुसरी. माझ्या हातातली सुई तशीच राहिली. ही चाल मी तीस वर्षं ऐकली होती. मग बाहेरून हाक आली, दमलेली, खर्जातली.

"अगं… हाय का घरात?"

मी मशीनला धरून उठायला लागले. "अहो" म्हणायला तोंड उघडलं…

आणि माझ्या पाठीमागून, स्वयंपाकघराच्या दारातून, बांगड्या सावरत एका तरुण बाईने उत्तर दिलं.

"हाय की. कोन पायजे?"

बाहेरचं पाऊल मागे सरकलं. मला माहीत आहे ते काय झालं. हे भिडस्त माणूस. परक्या बाईच्या दारात उभं राहायचं नाही, नजर वर करायची नाही, बिल थकलं म्हणून वीज तोडायला गेले तरी घरात पुरुष नसेल तर फाटकातूनच परत यायचे. त्यांना वाटलं असेल, घर चुकलं. अंधारात, इतक्या महिन्यांनी, चुकणारच.

"माफ करा, ताई," ते म्हणाले.

चपला पुन्हा पायात सरकल्या. मी धावले. कडी एकदा निसटली, दुसऱ्यांदा निघाली. "अहो, थांबा! घर हेच हाय! मी हाय हितं!" अंगणातून फाटकापर्यंत गेले, फाटकातून रस्त्यावर गेले. फाटक उघडं होतं आणि हलत होतं. रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा. मी ओरडत कोपऱ्यापर्यंत गेले, तिथून विजेच्या खांबांची ओळ अंधारात शेताकडे जाते. तिकडे काही दिसलं नाही. किती वेळ उभी होते माहीत नाही. पाय थंडीने बधिर झाले तेव्हा परतले.

दार लागलेलं होतं. वाऱ्याने लागलं असेल म्हणून ढकललं. आतून कडी होती. खिडकीत माझा कंदील जळत होता, आणि माझं मशीन चालू झाल्याचा आवाज येत होता. कुणीतरी सावकाश, नीट, माझं राहिलेलं काम पुरं करत होतं.

मी दार वाजवलं. मशीन थांबलं. बांगड्या दारापर्यंत आल्या.

"कोन हाय?" आतून तिने विचारलं. आवाजात भीती होती, दिवेलागणीला एकट्या बाईच्या आवाजात असते तशी.

"मी," मी म्हटलं. "मी… सविता."

"हितं सविता कुनी ऱ्हात न्हाई, बाई," ती हळूच म्हणाली, आणि कंदील बारीक झाला.